लाल रेघेवरून न्यार्गाला

विल्हेल्मिना, स्वीडन
१४ जानेवारी १९७३

एर्लिंग,

हे पत्र तुझ्या हातात पडलं असेल तर तू जिवंत आहेस, आणि जिवंत असशील तर उत्तर द्यायला तुला काय धाड भरते ते बघू. मी बिरेत. निल्लासची मुलगी. तुझ्या बापाच्या होडीतून समुद्रात पडलेली ती मीच. मी आठ वर्षांची, तू दहाचा, आणि ढकललं तूच होतंस.

त्रेपन्न वर्षांनी का लिहितेय ते सांगते. गेल्या आठवड्यात कुठल्याशा पदभ्रमण मंडळाचा एक तरुण माझ्याकडे आला. गोरागोमटा, गोड बोलणारा. माझी कॉफी प्याला, वाळवलेलं मांस चघळलं, आणि टेबलावर नकाशा पसरला. उत्तरेतून एक लांबलचक पायवाट आखतायत म्हणे, नकाशावर तिची लाल रेघ.

"आजी, आता या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणीही चालत जाईल," तो म्हणाला. "मध्ये नॉर्वेची सरहद्द लागते, पण तिथे विचारतंय कोण!"

"कुणीही?"

"अगदी कुणीही!"

एर्लिंग, त्या रेघेचं वरचं टोक म्हणजे आमची वाट आहे. रेनडियर घेऊन दर वसंतात आम्ही तुमच्या किनाऱ्याला यायचो ती. याच वाटेवर आमचं पाऊल पडू नये म्हणून दोन सरकारांनी करार केला, आणि उत्तरेतल्या कारेसुआंदोहून उचलून आम्हाला इथे दक्षिणेत आणून टाकलं. दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे म्हणाले होते. त्या दोन-तीन वर्षांची वाट बघत माझा बाप इथल्या परक्या मातीत गेला. जनावरं मात्र दर वसंतात उत्तरेला पळायची. त्यांना करार वाचता येत नव्हता ना! आणि आता पाठीवर पिशवी अडकवलेला कुणीही!

मी त्या पोराला म्हटलं, कप खाली ठेव आणि चालता हो. नकाशा ठेवून घेतला.

तर मी चालत येतेय. जूनमध्ये नद्यांचं पाणी उतरलं की निघेन. रेनडियरवाली म्हणून येता येत नाही, तर पर्यटक म्हणून येईन. तुझ्याकडून दोनच गोष्टी हव्यात. सरहद्दीनंतर लाल रेघ भलतीकडे बसच्या रस्त्याला जाते, तेव्हा तिथून समुद्रापर्यंतची आमची जुनी वाट मला लिहून कळव. आणि न्यार्गावरची आमची तंबूची जागा, झऱ्याशेजारची, मोकळी ठेव. आपले बाप एकमेकांचे व्हेर्द्दे होते. आम्ही मांस आणि कातडी द्यायची, तुम्ही मासे आणि पीठ, आणि हिवाळाभर आमच्या तंबूचे वासे तुमच्या कोठारात. एवढ्या नात्यावर एवढं मागता येतं. मला तिथे तंबू ठोकायचाय आणि तिथेच राहायचंय.

बिरेत


न्यार्गा, नॉर्वे
२ फेब्रुवारी

प्रिय बिरेत,

पत्र वाचून मी बायकोला, सोलवेगला, म्हटलं, भूत आलं. मी तुला ढकललं नव्हतं. तू वाकून मासा बघत होतीस.

तू बरी आहेस हे वाचून आनंद झाला. पण हे चालत यायचं खूळ डोक्यातून काढ. साठी ओलांडलेल्या बाईनं शेकडो किलोमीटर डोंगर, बर्फ आणि दलदल तुडवत यायचं, ते कशासाठी? रेल्वेनं नार्विकला ये, पुढे बस आहे. बस आता थेट आमच्या फाटकापाशी थांबते. गावात चांगलं हॉटेल झालंय, खिडकीतून समुद्र दिसतो. आम्ही दोघं भेटायला येऊ.

न्यार्गा आता पूर्वीचं राहिलेलं नाही. झऱ्याला नळ बसवलाय, जमीन सपाट केलीय. तंबू ठोकण्यासारखं तिथे काही उरलेलं नाही. आणि त्या जुन्या वाटेचं मला फारसं आठवत नाही. वडील १९५१ साली गेले.

आपुलकीनं,
एर्लिंग


विल्हेल्मिना
२५ फेब्रुवारी

एर्लिंग,

हॉटेल! मी माझ्या घरी येते म्हणतेय आणि तू मला हॉटेल दाखवतोस! आणि तेही नॉर्वेजियनमध्ये लिहून. माझ्या मुलीला, एल्लेला, शब्दकोश घेऊन बसावं लागलं. आपली भाषा विसरलास की लाज वाटते?

'जमीन सपाट केलीय.' कुणी केली? कशासाठी? माणूस जेवढं झाकतो तेवढंच गुळगुळीत लिहितो.

माझी तयारी चालू आहे. रेनडियरच्या पायाच्या कातड्याचे जोडे शिवून झाले, आत भरायचं गवत गेल्या उन्हाळ्यातच कापून वाळवलंय. जावई रबरी बूट घेऊन आला होता. म्हटलं, तूच घाल आणि अंगणात फिर. मांस, कॉफी, मीठ, पीठ घेईन. बरोबर चाहप्पे कुत्रा, तो स्वतःचं ओझं स्वतः वाहतो. नद्या पहाटे ओलांडायच्या, रात्रीच्या गारव्यानं बर्फ कमी वितळलेला असतो तेव्हा. हे मला त्या मंडळाच्या पोरानं शिकवायला नको. मध्ये एका ठिकाणी मात्र आमची जुनी वाट धरणाच्या पाण्याखाली गेलीय. तिथे वळसा घ्यावा लागेल. शहरात दिवे लागावेत म्हणून आमची वाट बुडवली, आणि माझ्या घरी वीज आली चार वर्षांपूर्वी!

आता मनातलं लिहूनच टाकते, नाहीतर चालताना ते ओझं जास्त होईल. शेवटच्या शरदात आम्ही न्यार्गाहून निघालो तेव्हा तुझा बाप हेइक्का दारात उभा होता. आपल्यात जाणारा म्हणतो, 'सुखरूप राहा.' राहणारा म्हणतो, 'सुखरूप जा.' एवढं तर शेंबड्या पोरालाही येतं. माझ्या बापानं आपलं वाक्य म्हटलं. हेइक्कानं उत्तर दिलं नाही. बापानं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. हेइक्का पाठ फिरवून घरात गेला. त्या उन्हाळ्यात आमच्या रेनडियरनं तुमचं थोडं गवत खाल्लं होतं, त्यावरून कुरबूर झाली होती. मूठभर गवतासाठी व्हेर्द्देनं व्हेर्द्देला असं वाटेला लावायचं?

बापानं ते जन्मभर उरात ठेवलं. इथे दक्षिणेत, स्वतःच्या घरून पाहुणे निघाले की तो त्यांना म्हणायचा, 'सुखरूप राहा.' जाणाऱ्याचं वाक्य! आम्ही पोरं हसायचो, म्हातारा चळलाय म्हणायचो. तो चळला नव्हता. त्याच्या लेखी तो अजून वाटेवरच होता, कारण त्याला निरोपच मिळाला नव्हता.

वाट सांगणार नसशील तर तसं स्पष्ट लिही. मी अंदाजानं येईन.

बिरेत


न्यार्गा
२० मार्च

बिरेत,

तू ओरडतेस ना, मग ऐकून घे.

हो, जमीन मी सपाट केली. झऱ्याशेजारी आता कारवानांचा, म्हणजे मोटारीमागे ओढत आणायच्या फिरत्या घरांचा, तळ आहे. उन्हाळ्यात जर्मन येतात, दक्षिणेकडचे नॉर्वेजियन येतात. मी त्यांना जागा देतो, नळ देतो, लाकडं फोडून देतो. दोन गाई आणि एका होडीवर घर चालत नाही म्हणून देतो. तुझ्या तंबूच्या जागेवर कारवान उभी असते. लिहायला हात अडखळला म्हणून झाकलं. झालं समाधान?

आणि भाषेचं म्हणतेस. तुम्हाला तुमच्या जमिनीवरून हाकललं, खरं आहे. आम्हाला आमच्याच घरात बसवून आमच्या तोंडातून हाकललं. शाळेत आपल्या भाषेत पाणी मागितलं तर पाणी मिळत नसे, फटका मिळे. माझ्या पोरांना मी आपल्या भाषेतला एक शब्द शिकवला नाही, मुद्दाम. त्यांना फटके नकोत म्हणून. तू तिथे रागावून का होईना, बापाच्या भाषेत रागावतेस. मला तेवढंही जमत नाही, म्हणून नॉर्वेजियनमध्ये रागावतोय.

आता बाबांबद्दल. गवताचा काही संबंध नव्हता. त्या शरदात, तुम्ही निघायच्या आधीच्या रविवारी, चर्चबाहेर फौजदारानं त्यांना गाठलं. म्हणाला, "तुझ्या त्या रेनडियरवाल्यांना शेवटचं बघून घे. पुढच्या वसंतापासून त्यांना सरहद्द बंद. वर ठरलंय सगळं."

आमची आजी म्हणायची, निरोप अर्धा राहिला तर माणसाला तो पुरा करायला परत यावंच लागतं. बाबांनी म्हणून उत्तर दिलं नाही. 'सुखरूप जा' म्हटलं असतं तर तुम्ही गेलाच असतात. आत येऊन ते चुलीकडे तोंड करून बसले. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढे दर वसंतात ते होडी काढून न्यार्गाच्या टोकापर्यंत जायचे आणि डोंगराकडे धूर दिसतो का बघायचे. तुमचे वासे कुजू नयेत म्हणून कोठारात फिरवून ठेवायचे. १९४४ साली जर्मन सैन्यानं हा सगळा किनारा जाळला, त्यात कोठार गेलं, घर गेलं, वासेही गेले. घरापेक्षा त्या वाशांसाठी ते जास्त हळहळले. आणि तू त्यांच्यावर मूठभर गवताचा आळ घेतेस!

एर्लिंग


विल्हेल्मिना
९ एप्रिल

एर्लिंग,

त्याला माहीत होतं!

तुझं पत्र एल्लेनं मला दोनदा वाचून दाखवलं. तिचे डोळे भरले, म्हणाली, "किती माया होती गं त्या माणसाची." मी तिला बाहेर काढलं.

आठवडाभर आधी त्याला माहीत होतं, आणि तो आजीच्या समजुती कुरवाळत बसला! तोंड उघडून एक वाक्य बोलला असता, निल्लास, जाऊ नकोस, पुन्हा येऊ देणार नाहीत, तर माझा बाप तिथेच थांबला असता. जनावरं विकली असती, मासे मारले असते, कोठारात झोपला असता. माझी आई दक्षिणेत पहिल्याच हिवाळ्यात गेली, ती न्यार्गावर जगली असती. त्याला रडायला आलं म्हणतोस. रडायला तोंड उघडतं, मग बोलायला का नाही?

गवतासाठी गप्प बसला असता तर मी माफ केलं असतं. मायेपोटी गप्प बसला, हे नाही करत.

तुझ्याकडून वाटही नको, जागाही नको. लिहू नकोस.

बिरेत


न्यार्गा
१२ मे

बिरेत,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितोय. आपल्या भाषेत लिहितोय. कशी लिहायची ते मला कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा चुका दिसतील. त्यावरून टोमणा मारलास तर मी पुन्हा नॉर्वेजियनवर जाईन.

तुझं खरं आहे. बाबांनी बोलायला हवं होतं. हे मान्य करायला मला महिना लागला आणि या महिन्यात सोलवेगशी मी धड बोललो नाही. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, चर्चबाहेरचं सगळं ऐकलं होतं, आणि तुझ्यासारखंच मलाही वाटत होतं की मोठ्या माणसांना कळतं.

वाट खाली देतोय. मला आठवत नाही म्हणालो ते खोटं होतं.

सरहद्दीच्या दगडांच्या राशीनंतर ओढा उजव्या हाताला ठेव. लाल रेघ डावीकडे उतरेल, उतरू दे. दोन जुळ्या तळ्यांच्या मधून जा. दक्षिणेकडून जाऊ नकोस, तिथे आता दलदल आहे, गेल्या साली माझी गाय अडकली होती. खिंडीत बर्फ जुलैतही असतो, पण कडेनं खडक मोकळा होतो. खिंडीतून समुद्र दिसेल. तिथून खाली बर्चच्या रानात जुनी वाट बुजलीय, म्हणून या आठवड्यात कुऱ्हाड घेऊन वर जातोय. फांद्या तोडलेल्या दिसतील, त्यांच्यामागून ये.

आभार मानू नकोस. मानणार नाहीसच म्हणा.

एर्लिंग


सरहद्दीजवळची झोपडी
जुलैचा शेवट

एर्लिंग,

हे एका स्टॉकहोमवाल्या जोडप्याबरोबर खाली पाठवतेय. ते बसच्या रस्त्याला उतरतायत, पोस्टात टाकतील. त्या बाईनं माझ्या जोड्यांचा फोटो काढला. जोड्यांत माझे पाय होते, त्यांची तिला काही पडली नव्हती.

मी पोचतेय. डावा गुडघा शिव्या देतो, मी त्याला परत देते. धरणाच्या वळशाला मी रडले. पाणी इतकं स्वच्छ होतं की आमची वाट तळाशी दिसेल असं वाटलं. दिसली नाही.

इथल्या झोपडीच्या रखवालदारानं विचारलं, "आजी, एकट्याच? या वयात? वाट ठाऊक आहे का?"

म्हटलं, "बाळा, ही वाट माझ्या आजीच्या ओझ्याच्या रेनडियरनी पाडली. तुझ्या मंडळानं तिला फक्त रंग फासला." तो म्हणाला, किती छान, हे आम्ही माहितीफलकावर लिहू का? एर्लिंग, या लोकांवर धड रागावताही येत नाही.

सरहद्द आज ओलांडली. दगडांची रास, वरचा दगड पिवळा रंगवलेला. कुणी नव्हतं. ना शिपाई, ना फौजदार. एवढ्याशा राशीसाठी आम्हाला आयुष्य काढायला लावलं! चाहप्पेनं तिच्यावर पाय वर केला. मी थांबवलं नाही.

तुझी खूण दिसली तर तिच्यामागून येईन. त्याचा अर्थ माझा राग गेला असा घेऊ नकोस.

बिरेत


न्यार्गा
५ ऑगस्ट

बिरेत,

तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून हे तुझ्या तंबूच्या दाराशी दगडाखाली ठेवतोय. माझ्या घरापासून तुझ्यापर्यंत हाक पोचते, तरी पत्रं लिहायची वेळ आलीय.

परवा तू आलीस ती सरळ कारवानांमधून, काठी टेकत, कुत्र्यासकट, माझ्याकडे न बघता. तू खिंडीतून उतरतानाच मी तुला ओळखलं होतं. तू तुझ्या बापासारखी चालतेस. झऱ्याशेजारी एका जर्मनाची खुर्ची होती, ती उचलून त्याच्याच हातात दिलीस. सोलवेगनं आणलेली कॉफी घेतलीस. मी पुढे आलो तर म्हणालीस, "तुझ्या बापाला बोलायला पाठव." मला परत जावं लागलं. रागही आला. मी काय त्यांच्या जागी मरून दाखवू?

तेव्हापासून तक्रारी चालू आहेत. तुझा धूर कारवानांत जातो. तुझा कुत्रा सॉसेज पळवतो. तू पहाटे मोठ्यानं स्वतःशी बोलतेस. आज सकाळी त्यांच्यातल्या कुणीतरी फोन केला असावा, कारण नगरपालिकेचा माणूस आला. भला माणूस आहे, माझ्या धाकट्याच्या वर्गात होता. म्हणाला, "नियम असा आहे की तंबू एका जागी दोन रात्री. पुढे राहायचं तर जमीनमालकाची परवानगी लागते. तुमची असेल तर माझं काही म्हणणं नाही. किती दिवसांची लिहू?"

मी म्हटलं, "परवानगी लिहू नकोस."

त्याला वाटलं मी नाही म्हणतोय. टोपी घालून तुझ्या तंबूकडे निघाला. बिरेत, चुलीकडे तोंड करून बसलेले बाबा माझ्या डोळ्यांसमोर आले. मी असा ओरडलो की सोलवेग धावत बाहेर आली आणि कारवानांचे पडदे बाजूला झाले.

"थांब! ती माझ्या जमिनीवर राहायला आलेली नाही. ती इथलीच आहे. हिवाळ्याला गेली होती, परतायला जरा उशीर झाला. परवानगी द्यायचीच असेल तर तिनं मला द्यायला हवी!"

तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्यानं टोपी काढली आणि गेला.

झऱ्याकडच्या सगळ्या कारवानांना मी उद्या हलायला सांगितलंय. जर्मन चिडलाय, चिडू दे. सोलवेग हिशेब करत बसलीय, तिचंही बरोबर आहे. नळ उपटायला पहार लागेल, ती शेजाऱ्याकडून आणलीय.

पण हे सगळं नंतर. मी त्या माणसासमोर जे बोललो ते रागानं बोललो, तरी खोटं बोललो नाही. म्हणून आता विचारतोय. मी, माझी बायको, आमच्या दोन गाई, आम्ही इथे राहू का? हो किंवा नाही, जे असेल ते तोंडानं सांग. मी कुंपणापाशी उभा आहे.

एर्लिंग